सव्वासात ते साडेआठ, आणि पायात घुटमळणारी मुलं

भांडुपच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: "काकू, मी सव्वासातला घरी पोहोचते. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. दिवसभर सासूबाई बघतात, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मी आले की त्या दमून बसतात. स्वयंपाकघर एवढंसं. मी ओट्यापाशी उभी राहिले की धाकटा पायाला मिठी मारून रडतो, मोठीचं 'आई बघ, आई बघ' सुरू होतं. मोबाइल दिला तर दोघं गप्प, पण काढून घेतला की आकांत. नवरा नऊला येतो. साडेआठपर्यंत स्वयंपाक व्हायला हवा. मुलांना गुंतवून ठेवायला काय देऊ?"

मी पार्ल्यात पाळणाघर चालवते, त्याआधी बरीच वर्षं बालवाडीत होते. आमच्याकडे दुपारचं जेवण तिथेच शिजतं आणि पोरं आजूबाजूलाच असतात, त्यामुळे हे माझं रोजचंच काम. पण "काय देऊ" याचं उत्तर देण्याआधी तुझ्या संध्याकाळची थोडी उलटापालट करावी लागेल. नुसतं खेळणं बदलून हे रडणं थांबणार नाही.

धाकटा कंटाळा आला म्हणून रडत नाहीये. एक तर त्याला भूक लागलेली असते. शिवाय सकाळपासून न दिसलेली आई दारातून आली, पर्स टाकली आणि थेट त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्या वेळी त्याला कितीही भारी खेळणं दे, तो ते भिरकावणार आणि पुन्हा पायाशी येणार. म्हणून आधी दहा मिनिटं त्यांची, मग ओटा. सव्वासातची दहा मिनिटं किती महाग असतात ते मला ठाऊक आहे. पण ती दिली नाहीस तर पुढचा तासभर तीच तुकड्यातुकड्यांनी, ओरडत आणि रागावत द्यावी लागतात, आणि भाजी करपते ती वेगळीच.

शिवाय ती वाया जात नाहीत, कारण तेवढ्यात कुकर होतो. सासूबाईंना एवढंच सांग की सातच्या सुमाराला डाळ-तांदूळ धुऊन, पाणी घालून कुकरची भांडी तयार ठेवा. हे बसल्या बसल्या होतं. गॅस त्यांनी पेटवायचा नाही. तू आलीस की हात-तोंड धुवायचं, झाकण लावायचं, गॅस लावायचा आणि बाहेर येऊन जमिनीवर बसायचं. सोफ्यावर नको, जमिनीवर. मोबाइल पर्समध्येच राहू दे. धाकटा मांडीत येईल, तुझ्या बांगड्या ओढेल, ओढणीत तोंड खुपसेल. मोठी दिवसभराच्या तक्रारी सांगेल. तू फक्त ऐकायचं, मधेच "हो का, मग दूध पूर्ण प्यायलीस का" असली चौकशी सुरू करायची नाही. शिट्या बाहेर ऐकू येतातच. तिसऱ्या शिटीला तू उठशील तेव्हा निदान एक मूल तरी स्वतःहून मांडीतून उतरलेलं असेल. सगळ्या दिवशी नाही, पण बऱ्याच दिवशी.

आता भूक. मुलांना साडेपाच-सहाला काहीतरी पोटभरीचं मिळालं पाहिजे. बिस्किटांचा पुडा हे पोटभरीचं खाणं नव्हे, तासाभरात पुन्हा रडगाणं सुरू होतं. उकडलेलं रताळं, केळं, दूध-पोहे, तुपाचा शिरा, मऊ इडली, दुपारचा वरण-भात असेल तर दोन घास तोच. इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, चिक्की, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं हे चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात देऊ नका. दीड वर्षाच्या मुलाला दाढा पुरत्या आलेल्या नसतात, दाणा चावला जात नाही आणि रडता रडता किंवा हसता हसता श्वासनलिकेत जातो. आज्या हौसेने मूठभर फुटाणे देतात म्हणून मुद्दाम लिहिते. शेंगदाण्याचं कूट चालतं. द्राक्षं उभी चार फोडी करून.

यानंतरचं सगळं एका वाटणीवर चालतं. आमच्या पाळणाघरात आम्ही स्वयंपाकाची दोन कामं मानतो, गार आणि गरम. निवडणं, सोलणं, धुणं, कालवणं, मळणं, मांडणं हे गार काम. फोडणी, तळण, पोळ्या, उकळतं पाणी, कुकर उघडणं हे गरम काम. गार कामात मुलं हवीच. गरम कामात मुलं ओट्यापासून तीन फुटांच्या आत नकोत, मग ती कितीही शहाणी असोत. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. गार काम असताना मुलांना "जा बाहेर, पसारा करू नका" म्हणून हाकलतात, आणि पोळ्या सुरू झाल्या की ती कंटाळून आत येतात.

म्हणून क्रम बदल. कुकर झाला की वाफ आपोआप जिरू दे. मुलं खाली बसलेली असताना शिटी उचलून वाफ सोडायचा प्रकार नको, आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. कुकर थंड होईतो तू मुलांना घेऊन गार काम कर. कुकर उघडला की लगेच मुलांना वरण-भात-तूप-लिंबू वाढून जेवू घाल. हो, सगळ्यांच्या आधी. "आमच्याकडे एकत्र जेवायची पद्धत आहे" असं काही घरांत ऐकावं लागतं, पद्धत चांगलीच आहे, पण भुकेली मुलं ताटकळत ठेवून ती पाळण्यात कोणाचंच भलं नाही. तुम्ही बसाल तेव्हा मोठीला पाव पोळी आणि भाजीचा घास पुन्हा दे, ती पंगतीत बसलीच म्हणायची. आणि मग, पोटं भरलेली असताना, फोडणी आणि पोळ्या. गरम काम शेवटी आणि सलग उरकायचं, वीस-पंचवीस मिनिटांत. भरल्या पोटी मुलं तेवढा वेळ आजीपाशी बसतात. रिकाम्या पोटी कोणीच बसत नाही.

जागेबद्दल. मुंबईतलं स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास रोखायचा. त्यात मूल कुठे बसवणार? दारात. स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, जिथून तू त्याला दिसतेस आणि तो तुला. इलेक्ट्रिशियनकडे मिळते ती लाल चिकटपट्टी घे आणि जमिनीवर एक ठळक रेघ मार. चार वर्षांच्या मुलीला ती आठवडाभरात कळते, ती उलट तुलाच सांगेल की बाळ रेघेच्या आत आलं. दीड वर्षाच्याला रेघ कळणार नाही. त्याच्यासाठी लाकडी किंवा प्लास्टिकचं फाटक बसवता आलं तर उत्तम, नाहीतर गरम काम चालू असताना त्याच्याजवळ मोठं माणूस हवंच. याला पर्याय नाही. त्याला कडेवर घेऊन पोळ्या भाजणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, सराईतपणे करतात, पण मुलाचा हात कधी पुढे जाईल ते आईलाही सांगता येत नाही. चाकाच्या वॉकरमध्ये बसवून आत सोडणं तर त्याहून वाईट. चाकांमुळे मूल क्षणात शेगडीपाशी पोहोचतं. कॅनडाने २००४ साली या वॉकरवर बंदीच घातली.

ओट्यावर काय बघायचं? आपल्या शेगडीला बहुधा बर्नर शेजारी-शेजारी असतात, मागे-पुढे नसतात, त्यामुळे "मागच्या बर्नरवर ठेवा" हा सल्ला इथे कामाचा नाही. शेगडी भिंतीकडे शक्य तितकी मागे सरकव आणि दारापासून लांबचा बर्नर उकळत्या वस्तूंसाठी ठेव. तव्याचा, पॅनचा दांडा ओट्याच्या बाहेर येऊ देऊ नको, आतल्या बाजूला वळव. मिक्सरची, किटलीची वायर खाली लोंबायला नको. पाइपगॅस असेल तर काम झालं की भिंतीवरचा वॉल्व बंद, कारण शेगडीची बटणं नेमकी धाकट्याच्या डोळ्यांसमोर येतात आणि फिरतातही मस्त. आणि चहा. तू आल्यावर चहा घेत असशीलच. तो कप खाली ठेवून मुलाला मांडीत घेऊ नको. फोडणीच्या तेलाला सगळे घाबरतात, चहाच्या कपाला कोणी घाबरत नाही. लहान मुलं भाजतात ती पुष्कळदा चहानेच.

आता तुझा मूळ प्रश्न, काय देऊ.

धाकट्यासाठी ओट्याखालचा एक कप्पा पूर्ण रिकामा कर आणि तो त्याचा, पण फक्त गार कामाच्या वेळी. फाटक लावलंस तर हेच सामान टोपलीत भरून दाराबाहेर ठेव. त्यात स्टीलचे दोन-तीन डबे झाकणांसकट, वाट्या, पळी, लाकडी चमचा, प्लास्टिकची चाळण, गाळणं, एखादा जुना ॲल्युमिनियमचा टोप. काच नको, धार नको, आणि तोंडात पूर्ण मावेल असं काही नको. माप म्हणून सांगते, तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने करतात. त्यात पूर्ण मावेल ती वस्तू त्या वयाला धोक्याची. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घेऊन हीच चाचणी करता येते, नळी थोडी रुंद असते म्हणजे उलट जास्त सुरक्षित. रिमोटमधली, खेळण्यांमधली चपटी गोल बटण-बॅटरी तर घरात मोकळी दिसताच कामा नये. गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका जाळते.

दीड वर्षाच्या मुलाचा खेळ म्हणजे भरणं, ओतणं, काढणं, झाकणं, वाहून नेणं. नवीन खेळणं त्याला फार वेळ पुरत नाही, पण झाकण बरोबर बसलं की "टक्" आवाज येणारा डबा पुरतो. आमच्याकडे एक मुलगा आहे, दीडचाच, त्याला कोथिंबिरीची रिकामी जाळीची पिशवी आणि तीन बटाटे दिले की तो बटाटे एकेक करून पिशवीत घालतो, पिशवी ओढत दारापर्यंत नेतो, उपडी करतो, बटाटे लोळतात, तो त्यांच्यामागे रांगत जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. मधेच एक बटाटा कपाटाखाली जातो तेव्हा पोटावर झोपून आत हात घालतो आणि सापडला की सगळ्यांकडे बघतो, कोणी पाहिलं की नाही म्हणून. पाहिलं, असं म्हटलं की पुढचा फेरा सुरू. हेच तू कामात वळव. "मला एक बटाटा आण." आणला की "अजून एक." टोपली दाराशी, तू आत, पण हे फक्त गार कामाच्या वेळी. जड वस्तू उचलून नेली की या वयाची मुलं शांत होतात असा माझा अनुभव आहे. कांदे देऊ नको, सालं सगळीकडे होतात. लसणाचा कांदाही नको, रस हाताला लागतो आणि तोच हात डोळ्यात जातो.

पाणी हे हुकमी. पंचा किंवा जुना टॉवेल चौघडी घालून पसर, त्यावर परात, परातीत दोन वाट्या पाणी, एक पेला, एक स्पंज. यापेक्षा जास्त पाणी नको आणि खेळ झाला की परात तू स्वतः लगेच रिकामी करायची. दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. आपल्याकडे पाण्याच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे मोरीत आणि बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या, पिंपं असतातच. त्यांना झाकणं हवीत आणि बाथरूमचं दार बाहेरून कडी लावून बंद. तू फोडणीत असताना मूल बाथरूममध्ये गेलेलं कळत नाही.

मोठीचं वेगळं. चार वर्षांच्या मुलीला खेळ नको असतो, खरं काम हवं असतं. तिला खोटं काम दिलंस तर ती ओळखते, "हे तू टाकून देणारेस" असं तोंडावर सांगते. तिने निवडलेली कोथिंबीर तिच्यासमोर आमटीत गेली पाहिजे. मेथीची पानं खुडणं हे या वयाचं सगळ्यात चांगलं काम, बोटांना व्यायाम होतो आणि वेळही जातो. एका ताटात जुडी, एका वाटीत पानं, काड्या वर्तमानपत्रावर. कोवळे देठ आले तरी चालतात, भाजी बिघडत नाही. मटारचा मोसम असेल तर शेंगा. ती शेंगेच्या टोकाला अंगठ्याने दाबते, ती फटकन उघडते, मग बोट आतून फिरवते आणि दाणे वाटीत पडतात, दोन वाटीत, एक तोंडात. खाऊ दे, पण बसून. रिकाम्या शेंगा धाकट्याला दे, दाणे मात्र त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेव, ते गोल आणि टणक असतात. उकडलेले बटाटे पूर्ण गार झाले की सोलायला. दही रवीने घुसळायला. कोशिंबिरीत मीठ-साखर घालायला, तू वाटीत काढून दिलेलं. मिरची आणि तिखटाच्या डब्याजवळ नाही.

कडधान्यं भरायला-ओतायला दिली की चार वर्षांची मुलं छान रमतात, पण धाकटा जवळ असेल तर हा खेळ रद्द, तो नाकात घालेल. आणि राजमा कधीच नको. कच्च्या राजम्यात असलेल्या द्रव्याने उलट्या-जुलाब होतात, थोडेच दाणे चावून गिळले तरी पुरे.

ताटं मांडणं हे काम मी प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला देते. किती माणसं, किती ताटं, किती वाट्या, हे मोजणं आपोआप होतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, ही आपली वाढायची पद्धत शिकवली की डावं-उजवं पुस्तकाशिवाय पक्कं होतं. स्टीलची भांडी दे, पडली तरी आवाजच होईल.

कणकेचा गोळा तर प्रत्येक मराठी घरात दिला जातोच. भातुकलीतलं पोळपाट-लाटणं असेल तर सोन्याहून पिवळं. दोन गोष्टी सांभाळ. कच्ची कणीक खायची नाही, कच्च्या पिठातून पोट बिघडू शकतं, आणि धाकट्याने तोंडात घातली तर घशाला चिकटते. दुसरी म्हणजे तिने लाटलेली ती वाकडीतिकडी, करड्या रंगाची, मळकट पोळी तू खरंच तव्यावर टाकायची. शेवटची, सगळ्या पोळ्या झाल्यावर. तिला तूप-साखर लावून दे. जी मुलं पहिल्या दिवशी कणीक फेकाफेकी करतात ती, आपली पोळी भाजली जाणार हे कळल्यावर, निमूटपणे लाटायला बसतात.

हे सगळं काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा विकतची साधनं परवडणारी नव्हतीच. बिया, शिंपले, पानं, खडे, आसपास मिळेल त्यातून त्यांनी शिकवलं. बालवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवतात आणि मग आम्हीच मॉलमधून दोन हजारांचा लाकडी स्वयंपाकघर-संच घेऊन येतो, ज्यातल्या लाकडी गाजराकडे मूल दोन दिवसांनी ढुंकूनही बघत नाही. खरं गाजर घरात असताना कशाला बघेल?

पसाऱ्याबद्दल एवढंच, जुनी चादर अंथर. काम झालं की चारी टोकं धरून उचलायची आणि कचऱ्याच्या डब्यात झटकायची. दर वेळी "सांडू नको" म्हणत राहिलीस तर मूल सांडण्याकडेच लक्ष देतं. "वाटी दोन्ही हातांनी धर" म्हण. काय करू नको यापेक्षा काय करायचं ते सांगितलं की लहान मुलांना कळतं. शाबासकीही नेमकी दे: "आज देठ फार कमी आले" हे तिला "व्वा, छान" पेक्षा जास्त आवडतं. आणि एका कामात दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकेल अशी अपेक्षा ठेवू नको. धाकटा तर तीन-चार मिनिटांत उठेल. म्हणून एकदम सगळं समोर मांडायचं नाही. पहिलं संपलं की दुसरं काढायचं, आणि कप्प्यातल्या दोन वस्तू दर आठवड्याला बदलायच्या.

मोबाइलचं. तुला अपराधी वाटायला लावायचा माझा हेतू नाही, दिवसभर काम करून येणाऱ्या बाईला ते खूप जण फुकट करतात. पण माहिती असावी म्हणून: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांखाली पडदा नको, त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितका बरा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी हीच मर्यादा सांगते. म्हणजे धाकट्याला मुळीच नको, आणि मोठीला गरम कामाच्या वीस मिनिटांत काही दाखवायचं तर हरकत नाही, पण मोबाइलवर नको, टीव्हीवर. मोबाइल हातात असतो, तो काढून घ्यावा लागतो आणि मग हिसकाहिसकी होते. टीव्ही लांब असतो, संपतो आणि बंद करता येतो. एक भाग म्हणजे एकच भाग, आधी सांगितलेला. "हा संपला की तू बंद कर" असं बटण तिच्याच हातात दे. मधे बंद करू नको, गोष्ट अर्धी राहिली की मोठी माणसंसुद्धा चिडतात. आता ज्या सवयी लागल्यात त्या मोडताना पहिले चार-पाच दिवस रडारड वाढेल, तेव्हा माघार घेऊ नको, कारण रडून मोबाइल मिळतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी जास्त वेळ रडावं लागतं एवढंच मूल शिकतं.

धाकटा मात्र टीव्ही चालू झाला की बघणारच, म्हणून त्या वीस मिनिटांत त्याला खिडकीशी पाठव. सासूबाई खुर्चीवर, तो ग्रिलच्या अलीकडे जमिनीवर, त्यांच्या गुडघ्यांशी उभा. भांडुपला खिडकीतून रिक्षा, बस, लोकल, कबुतरं, समोरच्या बिल्डिंगमधलं वाळत घातलेलं, काहीतरी हलत असतंच. त्यांना उठाबस करायची नाही, फक्त बोलत राहायचं. खिडकीखाली चढता येईल असा पलंग, स्टूल, खोका नको, आणि ग्रिलच्या सळ्यांमधून डोकं जाईल एवढी फट नाही ना ते आजच बघ. गोष्टी सांगून त्या कंटाळल्या तर बडबडगीतं लावा, आवाज आहे, पडदा नाही.

सासूबाईंना "मुलाला कशाला भाजी निवडायला लावता" असं वाटत असेल तर वाद घालू नको. त्याला दोन-अडीच वर्षांचा झाल्यावर त्यांच्याच हाताखाली पालेभाजी निवडायला बसव. नातू शेजारी बसला की आजीची मतं लवकर बदलतात.

कधीतरी लागेल म्हणून भाजलं तर काय करायचं तेही. जागा नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरायची, पूर्ण २० मिनिटं, घड्याळ लावून. मूल रडेल, तरी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, बटाट्याचा कीस नाही. संध्याकाळी नळाला पाणी नसेल तर झाकून ठेवलेल्या पिंपातलं तांब्याने सावकाश ओतत राहायचं. पाणी ओतता ओतताच त्या भागावरचे कपडे, बांगड्या, दोरे काढायचे, पण कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढायचं नाही. बाकीचं अंग कोरड्या चादरीत गुंडाळ, गारठा भरू नये म्हणून. चेहरा, हात, गुप्तांग भाजलं असेल, फोड आले असतील किंवा मुलाच्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर सरळ हॉस्पिटल. रुग्णवाहिकेचा नंबर १०८, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटव, सासूबाईंना वाचता येईल असा.

शेवटी स्वयंपाकाबद्दल, कारण तुझ्या प्रश्नात मुलं जितकी आहेत तितकाच तोही आहे. रोज संध्याकाळी ताज्या पोळ्या, भाजी, आमटी, भात हा हट्ट कोणाचा आहे ते बघ. सकाळी डब्यासाठी पोळ्या करतेसच, तेव्हाच रात्रीच्याही कर आणि कापडात गुंडाळून ठेव, किंवा स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून आण. मुंबईतली किती घरं त्या केंद्रांवर चालतात ते सातच्या रांगेत दिसतं. त्यात कमीपणा कसला? पोळ्या गेल्या की गरम काम एका फोडणीवर येतं. आठवड्यातून दोन दिवस मुगाची खिचडी, कढी, पापड. कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारी करून फ्रीजरमध्ये.

आणि नवरा नऊला येतो, ठीक आहे. मग नऊनंतरचं त्याचं. जेवणं झाल्यावर भांडी, ओटा पुसणं, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून डब्यात, कणीक मळून फ्रीजमध्ये, बादल्यांवर झाकणं, मुलांच्या कप्प्यातले डबे गोळा करून पुन्हा जागेवर. डाळ-तांदूळ मोजून वेगळ्या डब्यात काढून ठेवायचे, म्हणजे सासूबाईंना सात वाजता वरच्या फळीवरचे मोठे डबे उतरवावे लागणार नाहीत. पोळ्या विकत आणायच्या ठरल्या तर त्याही त्यानेच, तो ज्या स्टेशनला उतरतो तिथून. फक्त अशा दिवशी तुमची दोघांची जेवणं सव्वानऊला होतील. मुलं तोवर वरण-भात खाऊन झोपायच्या तयारीत असतील, त्यामुळे फरक पडत नाही.